मामांचा डायनामो

काही घरांत एखादे माणूस असे असते, की त्याचे नाव रेशनकार्डावर नसते, पण घरातले सारे बेत त्याच्या तब्येतीकडे पाहून ठरतात. माझ्या कोल्हापूरच्या मामांच्या घरी हा मान एका बेडफर्ड बसला आहे. बस १९५० सालची. लांब नाक, लाकडी सांगाडा, पेट्रोलचे इंजिन आणि पुढे दोन वाटोळे डोळे. एका साखर कारखान्याच्या लिलावातून मामांनी ती घरी आणली तेव्हा मामींनी दोन दिवस अबोला धरला होता म्हणतात. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेलेली एसटीची पहिली गाडीही बेडफर्डच होती. त्यामुळे मामा आपल्या बसचा उल्लेख 'एसटीची धाकटी बहीण' असा करतात आणि थोरलीच्या गुणांचे श्रेयही हळूच धाकटीच्या पदरात घालतात.

मामांची सारी हयात उद्यमनगरात मोटारींचे वायरिंग करण्यात गेली. आर्मेचर गुंडाळावे ते मामांनीच, असा त्यांचा लौकिक होता. बसचा डायनामोही त्यांनी स्वतः गुंडाळलेला. तांब्याची तार सोडून दुसरा धागा हाती न धरलेला हा माणूस त्या डायनामोकडे, आजीने स्वतः शिवलेल्या गोधडीकडे पाहावे तसा पाहत असे.

दरवर्षी दत्तजयंतीला ही बस घरच्यांना आणि शेजाऱ्यांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाते. तीन वर्षांपूर्वी परतताना रात्र झाली. मार्गशीर्ष म्हणजे उसाचा हंगाम. जयसिंगपूर सोडले आणि पुढे उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. माणूस चालेल त्या चालीने आम्ही दीड तास सरकत होतो. हळूहळू दिव्यांचा प्रकाश पिवळा झाला, मग तांबूस झाला. मामांनी आतले दिवे बंद केले. पुढे इंजिनही खोकू लागले. कारण पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, आणि ती ठिणगी त्याच बॅटरीच्या शिदोरीवर जगत असते. हातकणंगल्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकांना दिसावे म्हणून आम्ही दोघे-तिघे हातात बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर उभे राहिलो. आत अकरा पोरे झोपली होती.

घरी पोहोचल्यावर मामी एवढेच म्हणाल्या, "अहो, तुमची बस तुम्हाला लखलाभ. पोरं पुन्हा अंधारात तिच्यात बसणार नाहीत."

पोरांवाचून बस म्हणजे परसातले कोंबड्यांचे खुराडे, हे मामा जाणून होते. भंगारवाला तर आधीच दोनदा चौकशी करून गेला होता.

दोष डायनामोचा होता का? मामांच्या मते मुळीच नव्हता, आणि एका अर्थी त्यांचे खरे होते. डायनामो पट्ट्याच्या जोरावर फिरतो. तो वेगात फिरला तरच त्याचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा चढतो आणि बॅटरीत वीज जाऊ लागते. इंजिन मंद चालले की तो दाब उतरतो. मग उलट बॅटरीचीच वीज डायनामोत शिरू नये, म्हणून 'कटआउट' नावाची चिमुकली कळ दोघांची ताटातूट करते. मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे यात काही बिघडत नसे. थांबणे क्वचितच घडे. दहा मिनिटांचा तोटा पुढच्या अर्ध्या तासात भरून निघे. आमच्या बसचा रात्रीचा खर्च पुढचे दिवे, मागचे, आतले, ब्रेकचे आणि ठिणगीचा मिळून जवळजवळ १९ अँपियर. डायनामोची मिळकत फार तर २२, तीही धावताना. उसाच्या ट्रॅक्टरामागे ती शून्य. पगार बंद आणि घरखर्च चालू, असा तो मामला होता.

उपाय सुचवला मामांच्या नातीने. ती विजेच्या शाखेची पदविका घेतलेली मुलगी. म्हणाली, "आबा, आल्टरनेटर बसवू."

मामांनी पानाची चंची मिटली. "म्हणजे माझा डायनामो काढायचा?"

"काढायचा."

त्यानंतर आठ दिवस त्या घरात नात आणि आजोबा यांच्यात फक्त मीठ-चटणीपुरते बोलणे झाले. मी सुट्टीत गेलो होतो, तेव्हा दोन्ही पक्ष आपापली बाजू माझ्याकडे मांडत. मामांचे म्हणणे, जुन्या गाडीत नवी वस्तू घातली की तिचे जुनेपण बाटते. नातीचे म्हणणे, जी गाडी रस्त्यावर जाऊच शकत नाही तिचे जुनेपण घेऊन करायचे काय? मधल्या काळात तिने मामांना एक गोष्ट समजावली, आणि मला वाटते तिनेच काम केले. डायनामोत सारी वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि कार्बनमधून बाहेर येते. आल्टरनेटरमध्ये वीज तयार होते ती बाहेरच्या, स्थिर गुंडाळीत. फिरत्या भागाला कार्बनमधून थोडीशीच वीज द्यावी लागते. त्यामुळे त्याला पुष्कळ जोरात फिरवता येते, आणि लहान पुली लावली की इंजिन मंद असतानाही तो कमावत राहतो. निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. ती सरळ करायला सिलिकॉनचे डायोड असतात. हे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाले तेव्हाच आल्टरनेटर गाड्यांत शिरला. क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंटमध्ये तो बसवला. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआउटचीही गरज उरत नाही.

"म्हणजे गुंडाळी त्यालाही आहेच की," मामा म्हणाले. त्यांचा निम्मा विरोध तिथेच विरघळला.

उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी अटी घातल्या. बसला एकही नवे भोक पाडायचे नाही. डायनामोचे ब्रॅकेट जपून ठेवायचे. रेग्युलेटरची काळी डबी जागची हलवायची नाही. नातीने सारे कबूल केले.

त्या काळच्या पुष्कळ विलायती गाड्यांप्रमाणे आमच्या बसमध्ये बॅटरीचे 'प्लस' टोक सांगाड्याला जोडलेले होते. नव्या आल्टरनेटरला 'मायनस' हवे होते. तेव्हा बॅटरी फिरवली, ठिणगीच्या कॉइलच्या तारांची अदलाबदल केली. आल्टरनेटर ४५ अँपियरचा आणि जुना अँमीटर ३० चा. सगळी वीज त्यातून नेली तर तो जळायचा. म्हणून एक जाड तार, फ्यूज घालून, थेट बॅटरीला दिली. रिकाम्या झालेल्या काळ्या डबीतून नुसत्या तारा जोडून घेतल्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलले असे वाटू नये.

मामा स्टुलावर बसून सारे पाहत होते. इंजिन सुरू झाले तेव्हा सवयीने ते बॅटरीची तार उपसायला धावले. डायनामोच्या काळात जुने कारागीर चार्जिंग होते की नाही ते असेच पाहत. नातीने त्यांचा हात वरच्यावर धरला. "आबा, चालू इंजिनात तार काढली की डायोड जातात!" मामांनी हात मागे घेतला, आणि पुसायला काही नसताना फडक्याने पुसला. मला त्या क्षणी त्यांच्याकडे पाहवेना.

संध्याकाळी त्यांनी डायनामो रॉकेलने धुतला, धोतराच्या मऊ तुकड्यात बांधला आणि ड्रायव्हरच्या आसनाखाली ठेवला. मग नातीला हाक मारली आणि म्हणाले, "तो डायोड काय म्हणतेस तो कागदावर काढून दाखव बघू." रात्री जेवणाची ताटे झाली तरी दोघे तिथेच होते.

गेल्या दत्तजयंतीला मामी आल्या. अकराची पंधरा पोरे झाली होती. परतताना उसाची रांग ठरल्याप्रमाणे भेटली. गाडी थांबली, सरकली, पुन्हा थांबली. पुढचे दिवे ट्रॉलीवरच्या उसाच्या वाढ्यांवर पांढरेशुभ्र पडले होते. नव्या व्होल्टमीटरचा काटा १४ च्या आसपास बसून होता. मामा दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे पाहत. अखेर त्यांना राहवले नाही. त्यांनी आतले सगळे दिवे लावले. बस लग्नघरासारखी उजळली.

मागून मामींचा आवाज आला, "अहो, मालवा ते दिवे. पोरं झोपलीत."