'फार'चे इंग्रजी

प्रथम वर्षाला असताना आवश्यक इंग्रजीच्या तासाला सरांनी निबंध घातला होता : 'मला आदरणीय वाटणारी व्यक्ती'. वर्गातल्या निम्म्या मुलांनी शिवाजी महाराज घेतले, उरलेल्यांनी गांधीजी. दोघांवरही गाइडमध्ये तयार निबंध होते. मी अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर लिहिले. त्यात धाडस वगैरे काही नव्हते. माझ्याकडे गाइड नव्हते, एवढेच.

बारावीपर्यंत आमची सगळी विद्या मराठीत. त्यामुळे इंग्रजी लिहायचे म्हणजे आधी मनात मराठी वाक्य जुळवायचे आणि मग त्यातला एकेक शब्द उचलून पलीकडच्या काठावर नेऊन ठेवायचा. माझी वाक्ये अशी जुळली होती : माझे वडील फार प्रामाणिक आहेत. ते फार कष्ट करतात. मला ते फार आवडतात. आजारानंतर त्यांची तब्येत आता फार बरी आहे. चार वाक्ये आणि चार 'फार'. पलीकडे गेल्यावर त्यांची दशा अशी झाली : 'माय फादर इज अ टू ऑनेस्ट मॅन. ही इज व्हेरी व्हेरी हार्डवर्किंग. आय व्हेरी लाइक हिम. हिज हेल्थ इज नाऊ व्हेरी बेटर.' पहिल्या वाक्यात 'टू' मी मुद्दाम घातला होता. 'व्हेरी' काय, सगळेच वापरतात. 'टू'मध्ये जास्त वजन आहे अशी माझी समजूत.

वही परत आली तेव्हा त्या 'टू'खाली लाल रेघ होती आणि समासात सरांनी चक्क मराठीत लिहिले होते : 'मग किती प्रामाणिक असायला हवे होते?'

नाव न सांगता सरांनी ती वाक्ये वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. कुणाला संशय येऊ नये म्हणून मीही हसलो. पण वडिलांच्या नावावर आपण हसलो, ही बोच काही जाईना. तास संपल्यावर वही घेऊन मी प्राध्यापक-कक्षाच्या दारात जाऊन उभा राहिलो. सरांनी आत बोलावले, समोर बसवले आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे जे सांगितले, त्यामुळेच पुढे मी इंग्रजी विशेष विषय घेतला.

सर म्हणाले, "तुझा मराठीतला 'फार' हा घरगडी आहे. विशेषणापुढे उभा कर, क्रियापदापुढे उभा कर, कुठेही राबतो. इंग्रजीत मात्र कामे वाटून दिलेली आहेत." 'व्हेरी' गुणाला बळ देतो, 'व्हेरी ऑनेस्ट' चालते, पण क्रियापदाशी त्याचे एकट्याने जमत नाही. तेथे 'आय लाइक हिम व्हेरी मच' असे 'मच'चे बोट धरून, तेही मागून यावे लागते. तुलना आली की 'व्हेरी' माघार घेतो आणि 'मच बेटर' म्हणावे लागते. नुसता गुण सांगायचा असेल तर 'सो', पण गुणामागे नाम आले की 'सच' : 'सो ऑनेस्ट', पण 'सच ॲन ऑनेस्ट मॅन'. शिवाय 'सो' म्हटले की ऐकणारा 'दॅट'ची वाट पाहू लागतो. आपण 'इतका' म्हटल्यावर 'की'ची पाहतो तशीच.

"आणि 'टू' म्हणजे 'फार' नव्हे. 'टू' म्हणजे अति. काहीतरी माप ओलांडले गेले आणि त्यामुळे काहीतरी अडले. 'टू वीक टु वॉक', म्हणजे इतका अशक्त की चालवत नाही. 'टू'च्या मागून एक 'टु' येत असतो. लिहिला नसला तरी मनात असतो. आणि नामापुढे तुला तो वापरायचाच असेल, तर 'टू ऑनेस्ट अ मॅन' असे म्हणावे लागेल. तुझे वडील प्रामाणिक असल्यामुळे काही अडले आहे काय?"

मी म्हटले, "नाही सर."

पुढे मला या शब्दांचा नादच लागला. ग्रंथालयातल्या मोठ्या कोशात पाहिले, तर 'व्हेरी' हा मूळचा 'फार' नव्हेच! तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'व्हेरुस', म्हणजे खरा. सन 1400 मध्ये निधन पावलेल्या चॉसरच्या लेखनात तो 'खरा' याच अर्थी भेटतो. शेक्सपिअरच्या काळातही 'व्हेरी फ्रेंड' म्हणजे खरा मित्र. नामापुढे आला की आजही तो जुन्या अर्थाजवळ जातो : 'द व्हेरी मॅन' म्हणजे अगदी तोच माणूस. गुणापुढे राबून राबून मात्र त्याच्यातला खरेपणा झिजला आणि उरले नुसते वजन. मग खरेपणाची हमी द्यायला 'रिअली' आणि 'ट्रूली' आले, आणि तेही त्याच वाटेने निघाले. 'ऑफुली' आणि 'टेरिबली' यांच्या पोटात तर एके काळी साक्षात भय होते. आता 'ऑफुली नाइस' म्हणताना कुणी दचकत नाही. आपणही 'पिक्चर भयंकर आवडला' म्हणतोच की!

आपल्या 'खूप'चे मूळ फारसी 'खूब' म्हणजे चांगला. आणि 'अतिशय'मध्ये तर 'अति' उघड बसलेला आहे. तरी 'अतिशय सुंदर' म्हणताना माप ओलांडल्याची तक्रार कोण करतो? म्हणजे 'टू'चा 'फार' करण्याची जी चूक माझ्या हातून झाली, ती आपल्या भाषेने केव्हाच करून पचवलेली होती. हे सरांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "भाषेने केली की रूढी, विद्यार्थ्याने केली की चूक."

झिजत नाहीत ते जोडीने राहणारे शब्द. आपल्याकडे काळा म्हटला की कुट्ट, हिरवा की गार, पिवळा की धमक, आंबट की ढाण. इंग्रजीतही अशी लग्ने लागलेली आहेत. तेथे अंधार डांबराचा, बहिरा दगडाचा आणि नवी वस्तू 'ब्रँड न्यू', म्हणजे जणू भट्टीतून नुकतीच निघालेली. आपण ठार वेडा म्हणतो, ते 'डेड टायर्ड' म्हणतात. माणूस जिवंत असतो, पण गुणाला जोर द्यायला मरण दोन्ही भाषांनी उसने आणले आहे.

त्याच वर्षीची गोष्ट. फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अण्णा एका किराणा दुकानात हिशेब लिहितात आणि रात्री घरी मशीनवर कपडे शिवतात. अर्जात त्यांनी दोन्ही उत्पन्ने लिहिली. अर्ज घेणारा ओळखीचा होता. तो म्हणाला, "शिवणाचे कशाला लिहिता? कोण बघतंय?" अण्णा म्हणाले, "मशीन चालवून येणारे पैसे मीच घेतो ना?" बेरीज मर्यादेच्या जराशी वर गेली आणि सवलत हुकली.

त्या रात्री आई ताटे वाढता वाढता म्हणाली, "अहो, खरेपणालाही काही माप असतं. अति तेथे माती." अण्णा काही बोलले नाहीत. जेवून मशीनवर बसले. शाळेच्या गणवेशांची जादा शिलाई त्यांनी अंगावर घेतली. मी शेजारी बसून काज-बटण करीत होतो. फी दोन हप्त्यांत भरायची होती.

सुईत दोरा ओवताना एकदम सरांचे वाक्य आठवले. 'टू'च्या मागून एक 'टु' येतो. तो आता आला होता : 'टू ऑनेस्ट टु गेट अ फ्रीशिप'. माझे ते हास्यास्पद वाक्य व्याकरणासकट खरे ठरले होते. काही अडले होते आणि ते माझ्यामुळे अडले होते. क्षणभर मला अण्णांचा रागही आला, हे लपवून काय उपयोग? पण मग मशीनचा आवाज ऐकत बसलो आणि वाटले, की 'टू' म्हणायला आधी माप ठरलेले असावे लागते. आमच्या घरात ते माप ठरवायचे कुणी? अर्ज घेणाऱ्याने, आईने, की मी?

यंदा 'कमवा आणि शिका'साठी अर्ज करताना घरची माहिती इंग्रजीत लिहायची होती. कागद सरांना दाखवायला नेला. 'माय फादर इज ॲन ऑनेस्ट मॅन' या वाक्यावर त्यांचे पेन थांबले. जुनी वही त्यांनाही आठवली असावी.

"या खेपेला 'टू' नाही?"

"नाही सर."

"'व्हेरी'सुद्धा नाही?"

मी म्हटले, "खाली शिवणाचं उत्पन्न लिहिलंय, सर."

सरांनी खालचा आकडा पाहिला आणि सही केली.

— तृतीय वर्ष कला, इंग्रजी विशेष