आडतीवरची नोकरी

पुण्यातल्या एजन्सीत क्लायंट सांभाळायचं काम मिळतंय, घेऊ का, असं बारामतीची पोरं हल्ली विचारतात. हे काम आपल्याकडे नवं नाही. फळं-भाजीच्या धंद्यात बागवान पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. त्याला आडत म्हणतात. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, आपण मधे.

मी बारामतीत एका आडतीवर चार वर्षं दिवाणजी होतो. फायदे खरे आहेत. एका गाळ्यावर उभं राहून पन्नास गावांची शेती कळते. इंदापूरकडचं डाळिंब क्रेटमधून उतरलं की तेल्याचा डाग कुठला आणि उन्हाचा चट्टा कुठला, हे महिन्याभरात ओळखू येतं. हिशोब पक्का होतो, माणसं जोडली जातात. बँक कागद मागत बसते, तेव्हा मुलीच्या लग्नाला आडत्या शब्दावर उचल देतो.

पण त्या उचलीनेच शेतकरी बांधला जातो. दुसऱ्या गाळ्यावर भाव चांगला असला, तरी त्याचा माल आपल्याकडेच येतो.

एकदा लिलावाला दोनच खरेदीदार होते. भाव पडला. इंदापूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पट्टी हातात घेतली. हमाली, तोलाई, मोटारभाडं, आडत, सगळं वजा. त्यांनी विचारलं, "भाई, तू नक्की कुणाचा माणूस?"

"तात्या, आडत तुमच्याकडून घेतो, म्हणजे तुमचाच."

"मग भाव त्यांचा का?"

उत्तर मला माहीत होतं. शेतकरी हंगामात चार वेळा येतो, खरेदीदार रोज येतो. शिवाय मालकाची उधारी खरेदीदाराकडे अडकलेली. रोज येणाऱ्याला दुखवायला कोण धजतो?

जुलै 2016 मध्ये सरकारने फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या पट्टीतली एक कपात गेली, हे चांगलंच झालं. पण मजुरी खरेदीदार देणार म्हटल्यावर तात्यांचा प्रश्न आणखी टोकदार झाला.

हा प्रश्न जुना आहे. शहरातल्याने खेड्यातून आलेल्याचा माल विकून देऊ नये, अशी हदीस बुखारीत आहे. त्याचा दलाल होऊ नये, असा अर्थ इब्न अब्बास (र.) यांनी सांगितला. त्याच ग्रंथात दलालीच्या मजुरीत गैर न मानणाऱ्यांची मतंही आहेत. मला यातून एवढं समजतं की मजुरी घ्यावी, पण ज्याला बाजारभाव ठाऊक नाही त्याच्या अजाणतेपणावर ती कमवू नये.

म्हणून पोरांना सांगतो, काम घ्या. इतकं शिकायला दुसरीकडे मिळणार नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बघून ठेवा. आपला पगार कुणाच्या खिशातून येतो, आणि मालक कुणाला घाबरतो. दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल, तर समोर बसलेल्या दुसऱ्या क्लायंटचा हिशोब जास्त जपून लिहा.