वकीलपत्र

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगते. ज्याच्याबद्दल लिहितेय त्या आतेभावाला आधी विचारलं. "नाव नको, बाकी लिही," म्हणाला. आत्या इथे येत नाही, पण तिच्या जावा येतात, तेव्हा जपूनच लिहिते :)

२०२५च्या श्रावणातला शनिवार. रात्री साडेनऊला आत्याचा फोन. "अगं, पोलीस घेऊन गेले त्याला." एवढंच बोलली आणि रडायला लागली. भाऊ पुण्यात एका गोडाऊनमध्ये हिशेब बघायचा. मालकाने सहा लाखांच्या अफरातफरीची तक्रार दिली होती.

आमच्या घराण्यात कोर्टाशी संबंध म्हणजे नानाकाकांची जमिनीची केस. ती माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. त्यामुळे रात्री अकराला आत्याकडे सगळे जमले तेव्हा नानांनी पहिला फोन त्यांच्या वकिलांना लावला. ते बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "नाना, मी दिवाणीचा माणूस. सातबारा असेल तर सांगा. हे माझं काम नाही." पुढे भेटलेल्या कितीतरी माणसांपेक्षा हा नकार मोलाचा होता, पण त्या रात्री आम्हाला त्याचा रागच आला.

मग पोलीस स्टेशन. बाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ आपणहून पुढे आले. पांढरा शर्ट, बगलेत फाइल. कुणाला आणलंय, कुठलं कलम, सगळं त्यांना आमच्याआधी माहीत. "काळजी करू नका, साहेबांशी बोलून घेतो. उद्या जामीन, माझी गॅरंटी. पन्नास होतील, आत्ता वीस द्या." नानांनी दिले. मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले, हेही लिहायला हवं. ते गृहस्थ वकील होते की नाही तेसुद्धा आम्ही विचारलं नाही. माणूस घाबरला की त्याला "गॅरंटी" हा शब्द फार गोड लागतो. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे, हे मला नंतर कळलं. वकिलांना जाहिरात करायलाही बंदी आहे. म्हणजे चांगला वकील शोधायचा तर तोंडी चौकशीशिवाय मार्ग नाही, आणि चौकशी करायची तर जगाला सांगावं लागतं की आपला मुलगा आत आहे. आत्याचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. "कुणाला कळता कामा नये," हे ती त्या रात्री वीसेक वेळा तरी म्हणाली असेल.

शेवटी मी तिचं ऐकलं नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा भाऊ अशाच एका भानगडीतून गेला होता. मध्यरात्री तिला उठवलं. तिने एका वकीलबाईंचा नंबर दिला. पन्नाशीच्या असतील. फोनवर त्यांनी "त्याने केलंय का?" हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: अटक किती वाजता झाली? अटक पंचनाम्यावर तीच वेळ लिहिलीय का? कारणं लेखी दिली का? आधी हजर राहायची नोटीस आली होती का? एफआयआर पाहिलीत का? (ती पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी फोनवरच शोधून काढली.) आणि मग स्पष्ट म्हणाल्या, "उद्या जामीन होईल असं धरून चालू नका. पोलीस कोठडी मागतील. मी दिवस कमी करायचा प्रयत्न करीन."

झालं! नानांचा पारा चढला. "एक माणूस उद्या सोडवतो म्हणतोय आणि ही बाई सोडवणार नाही म्हणतेय. आणि तुला हिलाच पैसे द्यायचेत?" नानांनी आम्हा भावंडांना शिकवलंय, फिया भरल्यात. त्यांच्यापुढे मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. त्या रात्री चढवला. तो सल अजून आहे.

रविवारी सकाळी बाईंनी पोलीस स्टेशनात भावाची भेट घेतली. चौकशी चालू असताना आरोपीला वकील भेटू शकतो, पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. आम्ही मात्र सिनेमा बघून भलत्याच कल्पना केल्या होत्या. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं, म्हणून दुपारी सुटीच्या कोर्टात नेलं. टपरीवाले गृहस्थ आले नाहीत. फोन बंद. भाऊ दोरखंडात नव्हता, पण कॉन्स्टेबलने त्याचा हात धरला होता. बाईंनी त्याची सही घेतली ती वकीलपत्रावर. आत्याने मान वळवली.

सुनावणी फार तर सात-आठ मिनिटं. पोलिसांनी पाच दिवसांची कोठडी मागितली. बाईंचं म्हणणं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, अशा वेळी आधी नोटीस द्यायची, अटक केलीच तर का केली ते लिहून ठेवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय, आणि हिशेबाच्या वह्या तर मालकाकडेच आहेत. दोन दिवस मिळाले. नाना म्हणाले, "बघ, सुटला नाही." खरंच सुटला नव्हता. पुढे येरवडा, जामीन अर्ज, आणखी नऊ दिवस. जामीन झाला तरी जामीनदाराची कागदपत्रं जमवायला वेळ लागला असता, तर बाईंनी तोवर रोख रक्कम भरून सोडण्याची परवानगी घेतली. आत्याच्या पाटल्या त्यात गेल्या. फीची पावती मात्र प्रत्येक वेळी मिळाली.

आणि एक. बाईंनीच आम्हाला सांगितलं होतं, "माझी फी झेपणार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घ्या." कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७चा कायदाच आहे. "फुकटचा वकील कसला?" म्हणून आम्ही नाक मुरडलं, पण त्याच कोर्टात त्या दिवशी एक तरुण वकील एका बिगारी पोरासाठी उभा होता आणि त्याने ते पोर आमच्या भावाआधी बाहेर काढलं!

अटकेची कारणं लेखी देण्याबद्दल बाई त्या रात्री एवढं का विचारत होत्या, ते मला उशिरा कळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुठल्याही गुन्ह्यात ती लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. पेपरात वाचलं तेव्हा त्यांना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आता तुम्हीही काळा कोट शिवून घ्या."

त्याने पैसे घेतले की नाही, हे तुम्ही विचारालच. मला माहीत नाही. तो नाही म्हणतो. कधी कधी पटतं, कधी रात्री जाग येते तेव्हा पटत नाही. बाईंना एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "ते कोर्ट ठरवेल. तुम्ही त्याच्या जेवणाकडे लक्ष द्या, फार बारीक झालाय."

केस अजून चालू आहे. मागच्या तारखेला नाना आमच्याबरोबर आले. वर आले नाहीत, गाडीतच बसून राहिले. बाई खाली उतरल्या तेव्हा मात्र दार उघडून उभे राहिले आणि त्यांना म्हणाले, "मॅडम, चहा घेऊ या." वीस हजारांचा विषय आमच्यात कुणी काढत नाही.