कपाटातला अहवाल

माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे येणारे एक कुटुंब आहे. वडील निवृत्त शिक्षक, आई गृहिणी, दोन मुलगे. धाकटा पुण्यात नोकरीला होता. ३१व्या वर्षी, एका सकाळी तो झोपेतून उठलाच नाही. कुटुंबाच्या संमतीने, परंतु ओळख पटेल असे तपशील बदलून, मी हे लिहीत आहे. त्या मृत्यूनंतर ज्या चुका झाल्या, त्यांतील एक माझी स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. फ्लॅटमध्ये तरुणाचा संशयास्पद मृत्यू, सोबत राहणाऱ्या मित्राची चौकशी सुरू. शब्दशः पाहिले तर त्यात खोटे काही नव्हते. कोणत्याही उपचाराखाली नसलेला तरुण अचानक गेला, की पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते, घरात जो असेल त्याचा जबाब घेतला जातो. नवरा गेला तर बायकोचाही जबाब होतो. पण तेव्हा ‘पत्नीची चौकशी सुरू’ असे सहसा कोणी छापत नाही. येथे छापले गेले, आणि मित्र या शब्दाला अवतरणचिन्हे लावली गेली. गावाला जे समजायचे ते त्या दोन चिन्हांतून समजले. वास्तविक त्या मित्रानेच पहाटे १०८ला फोन केला होता आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो छाती दाबत राहिला होता. ते मात्र कुठे आले नाही.

मी तेराव्याला भेटायला गेलो. निघताना थोरल्या मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारले, “त्याची एचआयव्हीची तपासणी कधी झाली होती का?”

धडधाकट, रोज कामावर जाणारा माणूस एचआयव्हीने एका रात्रीत जात नाही, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मलाही होते. तरीही माझ्या तोंडून तो प्रश्न गेला, कारण मी रुग्णाचा नव्हे, बातमीचा विचार करीत होतो. काकूंनी तो माजघरातून ऐकला होता, हे मला फार पुढे कळले.

ही गोष्ट एकदा घरी जेवताना मी सांगितली, तेव्हा पत्रकारितेचे शिक्षण घेणारी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, याच्यासारखे एक प्रकरण आम्हाला वर्गात शिकवले होते.” ते प्रकरण स्टीफन गेटली या आयरिश गायकाचे. डब्लिनच्या ‘बॉयझोन’ या गाजलेल्या गायकवृंदातला हा तरुण. आपण समलिंगी असल्याचे त्याने १९९९मध्ये स्वतःच जाहीर केले, कारण ती माहिती कोणीतरी वर्तमानपत्राला विकणार अशी धास्ती होती. १० ऑक्टोबर २००९ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, स्पेनमधील मायोर्का बेटावरच्या आपल्या घरी सोफ्यावर झोपलेला असताना तो वारला. मृत्यू नैसर्गिक, फुप्फुसात एकाएकी पाणी साठून, असा शवविच्छेदनाचा निष्कर्ष जाहीर झाला. त्याच्या मुळाशी आधी निदान न झालेला हृदयविकार होता.

हे जाहीर झाल्यानंतरही १६ ऑक्टोबरला, म्हणजे डब्लिनमधील अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, ‘डेली मेल’ या ब्रिटिश दैनिकाच्या एका स्तंभलेखिकेने लिहिले की या मृत्यूत नैसर्गिक असे काहीच नव्हते. तिचा रोख त्याच्या राहणीकडे होता. निरोगी तरुण माणूस असा झोपेत जाईलच कसा, हा तिचा युक्तिवाद. वाचक संतापले. तेथील वृत्तपत्र तक्रार आयोगाकडे २५ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. एका लेखावर इतक्या तक्रारी त्यापूर्वी कधीच आल्या नव्हत्या. त्याच्या जोडीदारानेही तक्रार केली. फेब्रुवारी २०१०मध्ये आयोगाने त्या फेटाळल्या. लेखाचा सूर खटकणारा असला तरी मत मांडण्याचे स्वातंत्र्य राहिले पाहिजे, असा निर्णय दिला. त्यावर कायदेपंडितांनी वाद घालावा. लेखिकेला मत मांडू द्यावे, हे मलाही मान्य आहे. परंतु निरोगी दिसणारा तरुण झोपेत जात नाही, हे मत नव्हे. ते वैद्यकीय विधान आहे, आणि ते चूक आहे.

तरुण माणूस असा जाऊ शकतो. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होत जाणे, ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात, हा आजार साधारण ५००मध्ये एका माणसात आढळतो. पुष्कळांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. काहींमध्ये पहिले लक्षण हाच शेवट ठरतो. कधी खेळाच्या मैदानावर, कधी विश्रांती घेताना, कधी झोपेत. काहींच्या हृदयाची रचना अगदी उत्तम असते, पण त्याची विद्युतयंत्रणा सदोष असते. यांतले बरेच दोष आनुवंशिक असतात. आई किंवा वडिलांपैकी एकाला स्नायूचा हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून तरुण मृत्यूनंतर आईवडील, भावंडे आणि मुले यांचा इसीजी व टू-डी इको करून घ्यावा लागतो.

तेराव्याला मी विचारायला हवे होते ते एवढेच की घराण्यात आणखी कोणी असे अकाली गेले आहे का. काकूंचा धाकटा भाऊ ३८व्या वर्षी शेतात कोसळला होता. ऊन लागले, असे सर्वांनी धरून चालले होते. हे मला आठ महिन्यांनी कळले, थोरला मुलगा जिना चढताना घेरी आली म्हणून दवाखान्यात आला तेव्हा. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि एक अधिकचा आवाज ऐकू आला. शवविच्छेदनाच्या अहवालाचे काय झाले, असे मी विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, “आलाय. कपाटात आहे. उघडला नाही कोणी.”

आठ महिने तो कागद लुगड्यांच्या घडीखाली होता. त्यात काय लिहिलेले असेल, या भीतीने. त्या चार ओळींच्या बातमीने आणि माझ्या एका प्रश्नाने ती भीती त्या घरात आणून ठेवली होती.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला असेल, तर तो कागद मागून घ्या. त्याची प्रत संबंधित पोलीस ठाण्यातून मिळते; हृदयाचा भाग सूक्ष्म तपासणीसाठी पाठवला असेल तर अंतिम निष्कर्षाला काही महिने लागू शकतात. दारात आलेल्या बातमीदाराला उत्तर देण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. आणि जो मुलगा किंवा मुलगी अखेरच्या रात्री सोबत होती, तिला दाराबाहेर ठेवू नका. छातीत धडधडत होते का, आधी कधी चक्कर आली होती का, हे त्याच व्यक्तीला ठाऊक असते. डॉक्टरला ते हवे असते. शिवाय तिचेही माणूस गेलेले असते. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. सुतकात बसण्याची परवानगी मात्र घरच्यांनीच द्यावी लागते. त्या मित्राला दहाव्याला घाटावर येऊ दिले नव्हते.

अहवाल मी काकूंसमोर वाचला. गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. हृदयाचे वजन वाढलेले, डाव्या कप्प्याची भिंत जाड, विषाचा अंश नाही, अंगावर इजा नाही, मृत्यू नैसर्गिक. मी एकेका ओळीचा अर्थ सांगत गेलो. थोरल्याच्या टू-डी इकोत तीच जाडी दिसली; आज त्याचे औषध सुरू आहे, जोराच्या श्रमांना मनाई आहे, आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीची दरवर्षी तपासणी होते.

वाचून झाल्यावर मी काकूंची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी पदराने पुसल्यासारखा केला आणि विचारले, “डॉक्टर, याची झेरॉक्स मिळेल का? त्या मुलाला पाठवायची आहे. त्याच्याकडेही लोक तसेच बघत असतील ना?”

मी दोन प्रती काढून आणल्या. पाकिटावरचा पत्ता गुरुजींनी आपल्या अक्षरात लिहिला.