अकरावीचा फॉर्म कोण भरतो?

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोताळ्यात दोन-तीन दिवस पेढ्यांचे असतात. त्यानंतरचे आठ दिवस झेरॉक्सच्या दुकानांचे. 2025 सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता खेड्यातल्या मुलालाही संगणकावर अर्ज भरावा लागतो, एक ते दहा पसंतीक्रम द्यावे लागतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. एवढा महत्त्वाचा कागद, पण तो भरला जातो पाच मिनिटांत. दुकानदार विचारतो, "आर्ट्स की सायन्स?" मुलगा मागे वळून वडिलांकडे बघतो. वडील मोटरसायकलवर बसूनच सांगतात, "इसके चाचा के लडके ने जो लिया, वहीच डाल दो."

वाचकहो, यात कुणाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या बापाने स्वतः सातवीत शाळा सोडली, त्याने शाखा, गट, माध्यम यांतला फरक कुठून समजून घ्यावा? प्रश्न असा आहे की, मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय त्या काउंटरवर नेमका कोण घेतो? मुलगा नाही, बाप नाही, शिक्षकही नाही. मग कोण?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. स्वतःही उर्दूतूनच शिकले, नंतर बी.एस्सी., बी.एड. केले. इतकी वर्षे दहावीचे वर्ग शिकवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वर्तमानपत्रांतले करिअर मार्गदर्शन 'तुमची आवड ओळखा' इथून सुरू होते. आमच्या मोहल्ल्यात आवडीचा नंबर चौथा लागतो. त्याआधी तीन प्रश्न उभे असतात: कॉलेज किती लांब, भाषा कोणती आणि खर्च किती. या तीन प्रश्नांना हात न लावता आवडीबद्दल बोलणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे फायदे सांगण्यासारखे आहे.

2016 मध्ये राज्य सरकारने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे त्यात होती. उपक्रम चांगला होता. मुलांना आपल्या आवडीविषयी पहिल्यांदाच कुणी काही विचारत होते. आमच्या एका विद्यार्थिनीचा कल गणवेशधारी सेवेकडे निघाला. तिची अम्मी कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, ये क्या होता है?" मी पोलीस, फौज, अग्निशमन दल असे समजावून सांगितले. ती हसली, कागदाची घडी घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली. पुढे त्या मुलीने घराजवळ होते म्हणून कला शाखेत नाव घातले. तिला पोलीस भरतीची शारीरिक चाचणी कशी असते, त्यासाठी बारावी लागते, हे सांगायला नंतर कुणी तिच्या घरी गेले नाही. कागदाने कल सांगितला, पण त्या कलापर्यंत जाण्याची वाट कागदावर नव्हती.

आधी अंतराचे बघू. मोताळा हे मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. बुलढाण्याला जायचे तर राजूर घाट चढावा लागतो, मलकापूरला जायचे तर उलट दिशेला उतरावे लागते. मुलगे कशावरही बसून जातात. मुलींचे मात्र सगळे एस.टी.वर अवलंबून. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात गणितात पंच्याण्णवच्या वर गुण घेणारी एक मुलगी होती. तिला सायन्स घ्यायचे होते. वडील आठवडी बाजारात गाडीवर फळे विकत. मी घरी गेले तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला आणि मग म्हणाले, "मॅडम, पढाने को हमारी ना नहीं है. लेकिन घाट में गाडी बंद पड गयी तो लडकी किधर जाएगी?"

या प्रश्नाला 'मुलींच्या शिक्षणाला विरोध' असे नाव देणे सोपे आहे. मला तो विरोध वाटला नाही. तो एका बापाचा सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर हवे होते. मी भाषण दिले नाही. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या आणखी दोन मुली शोधल्या, ज्यांना बुलढाण्याला जायचे होते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, ही अहिल्याबाई होळकर योजना तिन्ही घरी समजावून सांगितली. सकाळची आणि परतीची गाडी किती वाजता आहे, ते लिहून दिले. पहिला आठवडा तिघींपैकी एकीची अम्मी सोबत गेली. त्या फळवाल्याच्या मुलीने बारावी सायन्स केले, नंतर डी.फार्म. केले. दुसरीने पदवी घेतली. तिसरीचे बारावीच्या आधीच लग्न झाले. तिघी गेल्या आणि तिघी यशस्वी झाल्या, असे मी सांगणार नाही. पण त्या दिवशी 'कोणता विषय' याचे उत्तर गाड्यांच्या वेळापत्रकात होते, हे मात्र खरे.

दुसरा प्रश्न भाषेचा. आमची मुले दहावीपर्यंत 'जियाई तालीफ' शिकतात. मराठी शाळेतले मूल त्यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणते आणि अकरावीच्या पुस्तकात तेच 'फोटोसिंथेसिस' होऊन समोर येते. दहावीला विज्ञानात पहिला आलेला मुलगा अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतो. सहा महिन्यांनी त्याला वाटू लागते की, आपल्याला विज्ञान येतच नव्हते. त्याला विज्ञान येत असते, नावे येत नसतात. या गैरसमजातून कित्येकांनी सायन्स सोडून दिलेले मी पाहिले आहे.

उर्दूतून शिकल्यामुळे मूल मागे पडते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मूल घरच्या भाषेत लवकर समजते, हा माझा रोजचा अनुभव आहे. शिवाय दारे थोडी उघडलीही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या आदेशानंतर 2018 पासून वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा उर्दूतही होते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर मराठी-उर्दूतही मिळतात, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. म्हणजे पूल बांधावा लागणारच, आणि तो अकरावीत बांधायला घेतला तर उशीर होतो. म्हणून मी आठवीपासून मुलांना तीन रकान्यांची वही करायला लावते. जौहर, अणू, अ‍ॅटम. सालमा, रेणू, मॉलिक्यूल. खलिया, पेशी, सेल. रोज पाच शब्द. दहावी संपेपर्यंत वही भरते. खर्च एका वहीचा.

आता विषयांकडे येते. 'मोठेपणी कोण होणार?' हा प्रश्न मी पंधरा वर्षांच्या मुलाला विचारत नाही. त्याने चार डॉक्टर, दहा शिक्षक आणि एक तलाठी पाहिलेला असतो, त्यातलेच तो नाव सांगतो. त्याऐवजी मी विचारते, 'हा विषय सोडलास तर पुढचे कोणते दार बंद होते?' हे सांगता आले की निवड अर्धी झाली.

पूर्वी नववी-दहावीत बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची सोय होती. 2017-18 पासून नववीला ती बंद झाली. ती सोय होती तेव्हा अनेक मुलींना, गणित बरे असतानाही, 'तुझे लग्नच होणार, सोपे घे' असा सल्ला घरच्यांनीच दिला. पेपर सोपा गेला, पण पुढे गणित लागणाऱ्या शिक्षणाच्या वाटा अरुंद झाल्या. आज तेच अकरावीला घडते. सायन्समध्ये गणित सोडून फक्त जीवशास्त्र ठेवले की अभियांत्रिकीचे दार लागते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय आणि बी.एस्सी. नर्सिंगचे. फार्मसीला मात्र दोन्हींपैकी एक चालते. ज्याचे अजून ठरलेले नाही आणि ज्याला झेपेल, त्याने दोन्ही ठेवावेत. कला शाखेतून पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. कोणत्याही शाखेच्या पदवीवर लोकसेवा आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षा देता येतात. म्हणजे कला शाखा हलकी नाही. 'काहीच नाही म्हणून आर्ट्स' या वृत्तीने ती हलकी होते.

मुलग्यांची तऱ्हा वेगळी. गॅरेजवर जाणारा मुलगा नववीत इतिहासात नापास होतो आणि त्याला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. त्याच मुलाला इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कळतो. त्याच्यासाठी दहावीनंतर आयटीआय आहे. संबंधित ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दहावी पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षालाही जाता येते आणि आपल्याच जिल्ह्यात खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. गॅरेजचा उस्ताद हे सांगत नाही, कारण त्यालाही ते कुणी सांगितलेले नसते.

आणि एक गोष्ट माझ्याच पेशाबद्दल. आमच्या घरांत वर्षानुवर्षे एकच गणित होते: मुलगी हुशार असेल तर बारावी, डी.एड. आणि शिक्षिकेची नोकरी. 2012 नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ थांबली. 2013 पासून टीईटी आली, पुढे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. डी.एड.ची प्रमाणपत्रे पेटीत ठेवून घरी बसलेल्या मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. शिकवण्याची आवड असेल तर या पेशात जरूर यावे. पण मोठ्या बहिणीला नोकरी लागली म्हणून धाकटीनेही तीच वाट धरावी, हा हिशेब आता चालत नाही. वाटा दहा वर्षांत बदलतात.

खर्चाचा प्रश्न कागदपत्रांशी जोडलेला आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. आपल्यातले बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार ओबीसीत येतात. पण आडनाव शेख किंवा खान आणि आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान', मग जात सिद्ध कशी करायची? ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात, नाहीतर जमिनीच्या कागदांत शोधावा लागतो. हे काम बारावीच्या निकालानंतर होत नाही, आठवीत सुरू करावे लागते. फी माफ आहे हे ठाऊक नसल्यामुळे बापाने 'आपल्याला परवडणार नाही' म्हणून विषयच बदलायला लावला, असे मी पाहिले आहे.

सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला. आपल्या राज्यात 2008 मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल 2013 साली आला. आपली कौम शिक्षणात कुठे उभी आहे हे त्यांनी सांगितले. त्यावर चर्चा झाल्या, परिसंवाद झाले, या पानांवरही लेख आले असतील. ते सारे आवश्यकच होते. पण मोताळ्याच्या मुलीला बुलढाण्याची गाडी कितीची आहे, हे अहवाल सांगणार नाही. ते तिच्या जवळच्या माणसानेच सांगायला हवे.

आम्ही काही शिक्षक आता एवढेच करतो. जानेवारीत आठवी-नववीच्या पालकांना बोलावतो, दहावीच्या नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. वडिलांना शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर बोलावतो, कारण त्या वेळी ते गावात असतात. अम्मींची बैठक वेगळी, दुपारी, कापसाची वेचणी आटोपल्यावर. फळ्यावर चार रकाने: विषय, कॉलेज आणि गाडी, खर्च आणि कागद, बंद होणारी दारे. सगळे येत नाहीत. जे येतात त्यांतले निम्मे ऐकून घेऊन शेवटी म्हणतात, "जैसा आप ठीक समझो." तेव्हा मी खडू त्यांच्या मुलाच्या हातात देते. लाजत का होईना, त्याने चारही रकाने स्वतः भरायचे आणि का ते बापाला सांगायचे.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण शिकून पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला स्थायिक झाले आहेत. उन्हाळ्यात आणि ईदला गावी येता. एक दुपार आपल्या जुन्या शाळेला द्या. व्याख्यान नको, हार-तुरे नकोत. तुम्ही कोणते विषय घेतले, कोणता सोडून पस्तावलात, पहिल्या वर्षी खोलीभाडे किती पडले आणि इंग्रजी कशी पेललीत, एवढेच सांगा. आमच्या मुलांनी नर्स, वकील, अभियंता, कारागीर, पोलीस अशी आपल्याच गल्लीतून गेलेली माणसे समोर बसून बोलताना फारशी पाहिलेली नाहीत. ती पाहिली, तर घरी वडिलांपुढे 'मला हे घ्यायचे आहे, कारण...' असे एक वाक्य त्यांना पूर्ण करता येईल.