खांबापर्यंत आलेली तार

२०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, तेव्हापासून घरी फायबर घ्यायचं आमच्या मनात होतं. अर्ज केला तेव्हा रमजान लागला होता. बकरी ईद झाली तरी तार रस्त्यावरच्या खांबापाशीच.

'दोन दिवसांत माणूस येईल,' हेच उत्तर. एकदा आला, म्हणाला, 'डब्यातली आठही कनेक्शनं भरलीत, सर.' अब्बा म्हणाले, 'मोहल्ल्याचं नाव ऐकलं की असंच होतं.' आम्हांलाही तसं वाटलं. पण खात्रीनं सांगता येईना.

रात्री धड्याचा व्हिडिओ उतरवताना डेटा संपतो. सकाळी मुलं विचारतात, 'सर, आज भी नहीं?'

शेवटी गल्लीतल्या सात घरांच्या सह्यांनी एकच अर्ज दिला. नवा डबा मंजूर झाला म्हणतात. तार यायची आहे. अर्जलेखनाचा धडा मात्र आम्ही वर्गात शिकवून टाकला.