युमाचा उतार

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, युमा नावाचे शहर वसले आहे. वर्षाकाठी तेथे तीन-साडेतीन इंचांपलीकडे पाऊस पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. पश्चिमेस वाळूच्या टेकड्यांची रांग आहे, पूर्वेस उजाड माळ आहेत. या रखरखाटातून कोलोरॅडो नदी दक्षिणेस समुद्राकडे जाते आणि युमापाशी पूर्वेकडून येणारी हीला नदी तिला मिळते. संगमाच्या खालच्या अंगास दोन खडकाळ टेकड्यांमध्ये पात्र अरुंद होते. फार मोठ्या टापूत नदी ओलांडण्यास याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. आज तेथे १९१५ साली बांधलेला लोखंडी पूल आहे. पूल ओलांडण्यास मिनिटभर पुरते. परंतु याच उताराच्या मालकीसाठी एके काळी रक्त सांडले, आणि ते का सांडले हे समजून घेण्यासारखे आहे.

हा उतार मुळात क्वेचान लोकांचा. नदीच्या पुराने भिजलेल्या गाळात ते मका, भोपळे आणि शेंगांचे पीक घेत आणि वाटसरूंना पैलतीरी नेत. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढील वर्षी हजारो माणसे दक्षिणेच्या वाटेने युमाकडे लोटली. कोणाजवळ बैलगाड्या होत्या, कोणाजवळ खेचरे. बरेचसे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून आलेले गरीब खाणकरी होते. वाळवंट पार करून थकलेल्या माणसास नदीकाठी नाव मिळाली तर तो मागेल ते भाडे देई. उतार ही एकाएकी मोठ्या मिळकतीची जागा झाली.

तेथे १८५० च्या एप्रिल महिन्यात जे घडले, त्याचे मूळ मात्र सुमारे ९०० किलोमीटर आग्नेयेस, मेक्सिकोतील चिवावा शहरात शोधावे लागते. चिवावा हे चांदीच्या खाणींचे आणि तांड्यांच्या व्यापाराचे शहर होते. अपाची लोकांच्या टोळ्या गुरे पळवीत, गावे लुटीत, वाटेवरील तांडे मारीत. सरकारचा खजिना रिकामा होता आणि सैन्य अपुरे होते. तेव्हा प्रांताच्या कारभाऱ्यांनी एक उपाय काढला. अपाचीस मारणाऱ्यास रोख बक्षीस द्यावयाचे, आणि पुरावा म्हणून मृताच्या मस्तकावरची केसांसह सोललेली कातडी घ्यावयाची. सोनोरा प्रांताने १८३५ मध्येच असे बक्षीस लावले होते. १८३९ मध्ये चिवावातील सधन व्यापारी व खाणमालक यांनी वर्गणीतून निधी उभारला आणि जेम्स कर्कर नावाच्या आयरिश माणसाच्या टोळीस या कामावर नेमले. वर्गणी देणारे हे गृहस्थ स्वतः कोणावर हात उगारणारे नव्हते. आपल्या वाटा निर्धोक व्हाव्यात एवढाच त्यांचा हेतू होता, आणि तो हेतू वावगा नव्हता.

दोष होता तो व्यवहाराच्या रचनेत. धान्याचा व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो आणि माल कोठला, कोणत्या हंगामाचा, हे सांगू शकतो. येथे खरेदी झालेल्या मालावरून काहीच सांगता येत नव्हते. काळे, सरळ केस लढवय्या अपाचीचे, शांतपणे शेती करणाऱ्या दुसऱ्या जमातीतील माणसाचे, की स्वतः मेक्सिकन शेतकऱ्याचे, हे ओळखण्याची कोणतीही कसोटी नव्हती. खऱ्या लढवय्याचा माग काढणे धोक्याचे आणि कष्टाचे होते. उलट तह करून गावाशेजारी तळ दिलेल्या माणसांस मारणे सोपे होते. दोन्हींचा भाव मात्र एकच. अशा बाजारात खोटा माल खऱ्या मालास हुसकावून लावणार, हे कोणाही व्यापाऱ्यास आधीच सांगता आले असते.

घडलेही तसेच. १८४६ च्या जुलै महिन्यात गालेआना गावी सलोख्यासाठी आलेल्या अपाची कुटुंबांना दारू पाजण्यात आली आणि त्यानंतर कर्करच्या माणसांनी व गावकऱ्यांनी मिळून त्यांतील शंभराहून अधिक जणांची कत्तल केली. मृतांत बायका होत्या, मुले होती. त्यांच्या शिरांच्या कातड्या चिवावात वाजतगाजत आणण्यात आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून गेलेल्या जॉर्ज रक्स्टन या इंग्रज प्रवाशाने शहराच्या मुख्य चौकात, प्रार्थनामंदिरासमोर, त्या टांगलेल्या पाहिल्या. त्याच चौकात रोज बाजार भरत असे. नजर एकदा सरावली म्हणजे मन कशासही हरकत घेत नाही.

पुढे अमेरिका व मेक्सिको यांचे युद्ध झाले आणि १८४८ मध्ये संपले. शस्त्र चालविण्यावाचून दुसरे काही न येणारी कित्येक माणसे सीमेवर मोकळी झाली. १८४९ च्या मे महिन्यात चिवावाने नवा कायदा केला. मारलेल्या लढवय्यामागे २०० पेसो आणि जिवंत पकडलेल्यामागे २५० पेसो असा दर ठरला. जॉन जोएल ग्लँटन हा टेक्सासकडून लढलेला माणूस या दराने काम करण्यास पुढे आला. त्याच्या टोळीत पळालेले शिपाई होते, फरारी गुन्हेगार होते, निरनिराळ्या वंशांची आणि भाषांची माणसे होती. सरकारी करार हातात असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती तूर्त गुन्हेगार नव्हती.

काही महिन्यांतच टोळीची वाट घसरत गेली. अपाची मिळेनासे झाले तेव्हा शांत जमातींच्या वस्त्यांवर हात पडला. त्याही पुरेनात तेव्हा ज्या मेक्सिकन प्रजेच्या रक्षणासाठी पैसा मिळत होता तिच्यातीलच माणसे मारली गेली आणि त्यांच्याच कातड्या त्यांच्याच सरकारास विकल्या गेल्या. हे उघडकीस आले तेव्हा चिवावा सरकारने ग्लँटनच्याच डोक्यावर बक्षीस लावले. टोळी पश्चिमेस सोनोरात गेली, तेथेही टिकली नाही, आणि १८५० च्या आरंभी युमाच्या उतारावर येऊन थडकली.

तेथे एबल लिंकन नावाच्या एका डॉक्टरने नुकताच नावेचा धंदा सुरू केला होता. त्याची कमाई चांगली होती. ग्लँटन त्याचा भागीदार झाला. पण ही भागीदारी नावापुरतीच राहिली आणि थोड्याच दिवसांत सर्व कारभार टोळीच्या हाती गेला. भाडे मनमानी आकारले जाऊ लागले. कॅलिफोर्नियातून सोने कनवटीस बांधून परतणाऱ्या खाणकऱ्यांस लुबाडण्यात आले, काहींचे प्राण गेले. आता येथे बक्षीस नव्हते, करार नव्हता, शत्रू म्हणावा असाही कोणी नव्हता. सवय तेवढी उरली होती.

क्वेचान लोकांपाशीही एक नाव होती. एका अमेरिकन प्रवाशाने नदी ओलांडल्यावर ती त्यांना देऊन टाकली होती, ती वाजवी भाडे घेण्याच्या अटीवर. ती चालविण्यास त्यांनी एक गोरा माणूस नेमला होता. टोळीने ती नाव नष्ट केली आणि तो माणूस मारला गेला. तरीही क्वेचानांचा प्रमुख ग्लँटनकडे बोलणी करण्यास गेला. माणसे व सामान तुम्ही उतरवा, घोडी-खेचरे आम्ही पोहवत नेऊ, म्हणजे दोघांचेही पोट भरेल, असा त्याचा प्रस्ताव होता. धंद्याच्या दृष्टीने तो रास्त होता. नदीही मोठी होती आणि गिऱ्हाईकही पुरेसे होते. ग्लँटनने त्यास मारहाण करून हाकलून दिले. क्वेचानांची ही बाजू पुढे तेथून गेलेल्या एका प्रवाशाच्या जबानीमुळे लेखी राहिली.

२३ एप्रिल १८५० रोजी ग्लँटन सान डिएगोहून सामान व दारू घेऊन परतला होता. टोळी पिऊन पडली असता क्वेचानांनी तळावर हल्ला केला. ग्लँटन मेला, लिंकन मेला, बहुतेक सारे मेले. काठावर लाकूड तोडण्यास गेलेले तिघे होडीतून निसटले आणि त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन जबान्या दिल्या. लुटीचे चांदीचे नाणे तळावरच राहिले.

या हिशेबाची बाकी कोणाच्या नावे पडली, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने क्वेचानांना शासन करण्यासाठी फौज पाठविली. तिचा खर्च नवजात राज्याच्या खजिन्यास फार जड गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे लष्करी ठाणे आले आणि पुढील दोन-तीन वर्षांत क्वेचानांच्या हातून उतार कायमचा गेला. कातडीचा दर ठरविणाऱ्या कारभाऱ्यांस आणि निधीस वर्गणी देणाऱ्यांस कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारला नाही.

आज त्या ठाण्याच्या टेकडीवर क्वेचान जमातीची कचेरी आणि एक पांढरे प्रार्थनामंदिर आहे. भोवतीची काही जमीन त्यांना परत मिळाली आहे. पैलतीरावरच्या टेकडीवर १८७६ ते १९०९ या काळात वापरात असलेला जुना तुरुंग असून तो पाहण्यास पर्यटक येतात. लोखंडी गजांआडच्या काळोख्या खोल्यांत ते डोकावतात, दरोडेखोरांच्या कथा ऐकतात आणि बाहेर येऊन नदीकडे पाहतात. वर धरणे झाल्यामुळे नदीचे पाणी आता फार थोडे उरले आहे. मुले पाण्यात खेळतात, दोन्ही काठांवर भाजीपाल्याचे हिरवे मळे दिसतात. नाव लागत नाही आणि भाडेही कोणी मागत नाही.

तुरुंगाच्या त्या खोल्या हाताने गुन्हा करणाऱ्यांसाठी बांधलेल्या होत्या. ज्यांनी दूर बसून जिवाचा भाव ठरविला आणि माल कोठून आला हे विचारले नाही, त्यांच्यासाठी तेथे एकही खोली नाही. युमाच्या उतारावरून परतणाऱ्या माणसाने स्वतःच्या वहीकडे पाहताना एवढी एक गोष्ट ध्यानी ठेवावी.